संगणकाला विचारलेली पोटदुखी

वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी लातूरला येऊन राहणाऱ्या मुलांविषयी आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आमच्या परिचयातील, नांदेड जिल्ह्यातील एका शिक्षकांचा मुलगाही तिथे दोघा मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. एका रात्री जेवणानंतर त्याचे बेंबीभोवती दुखू लागले, मळमळू लागले. एवढ्या रात्री घरी फोन केला तर आईवडील घाबरतील, म्हणून त्याने मोबाईलवरच्या बोलक्या संगणकाला, म्हणजे हल्ली ज्याला 'चॅटबॉट' म्हणतात त्याला, विचारले : "मला पित्त झालंय, काय घेऊ?" उत्तर क्षणात आले आणि चांगल्या मराठीत आले. तिखट-तेलकट टाळावे, थोडे थंड दूध घ्यावे, आम्लता कमी करणारी गोळी घेता येईल, दोन दिवसांत बरे वाटले नाही तर डॉक्टरांना दाखवावे. मुलाने गोळी घेतली. पहाटे दुखणे उजवीकडे खाली सरकले. सकाळी मित्रांनी त्याला रुग्णालयात नेले आणि दुपारी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. मुलगा आता ठणठणीत आहे.

नंतर भेटले तेव्हा त्याच्या वडिलांनी आम्हाला विचारले, "सर, ते यंत्र खोटं बोललं का हो?" आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. कारण 'पित्त झाले तर काय घ्यावे' या प्रश्नाचे ते उत्तर काही चुकीचे नव्हते. मुलाला झालेले पित्त नव्हते, एवढेच. मग चूक कोणाची? या प्रश्नाचा शोध घेताना आम्ही थोडे मागे गेलो, आणि लक्षात आले की संगणकाला पोटदुखी विचारण्याची कल्पना पन्नास वर्षांहून जुनी आहे.

१९७०च्या सुमारास इंग्लंडमधील लीड्स शहरात एफ. टी. डी डोंबाल नावाचे शल्यवैद्य होते. अचानक उद्भवलेल्या पोटदुखीचे रुग्ण रोज त्यांच्याकडे येत. त्यांतील कोणाला ताबडतोब शस्त्रक्रिया हवी असते आणि कोणाचे दुखणे आपोआप थांबते, हे ओळखणे अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जाते. पोटाच्या बाबतीत तसे का होते, हे विज्ञानशिक्षकांनी मुलांना जरूर सांगावे. आतड्याच्या आतल्या वेदना वाहणारे चेतातंतू थोडे आहेत आणि ते मज्जारज्जूत ठरावीक पातळीवर एकत्र शिरतात. त्यामुळे अपेंडिक्स सुजू लागते तेव्हा मेंदूला दुखणे बेंबीभोवती आहे असे वाटते. काही तासांनी सूज पोटाच्या आतील अस्तरापर्यंत पोचते. त्या अस्तराच्या चेता नेमकी जागा सांगू शकतात, म्हणून मग दुखणे उजवीकडे खाली 'सरकते'. खरे तर सरकत काहीच नाही. बातमी आणणारा बदलतो. पहिल्या काही तासांत अपेंडिक्स, अपचन आणि साधी कळ यांत रुग्णाला फरक कळत नाही तो यामुळेच.

डी डोंबाल यांनी आपल्या रुग्णांची पद्धतशीर नोंद केली : दुखणे कुठे सुरू झाले, आता कुठे आहे, कशाने वाढते, उलटी झाली का, भूक आहे का, दाबल्यावर कुठे दुखते, आणि शेवटी खरा आजार कोणता निघाला. या नोंदी संगणकात घालून त्यांनी बेझच्या सिद्धांताने संभाव्यता काढली. थॉमस बेझ हे अठराव्या शतकातील इंग्रज धर्मगुरू. त्यांचा संभाव्यतेवरील निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७२ मध्ये डी डोंबाल आणि सहकाऱ्यांनी ३०४ रुग्णांवरील निष्कर्ष जाहीर केले. संगणकाचे निदान ९१.८ टक्के रुग्णांत बरोबर होते. त्याच रुग्णांना तपासणाऱ्या सर्वांत वरिष्ठ डॉक्टरांचे ७९.६ टक्के. त्या काळात ही बातमी केवढी खळबळजनक असेल याची कल्पना करावी.

पण ही आज्ञावली दुसऱ्या देशात, कोपनहेगनमधील रुग्णांवर वापरली तेव्हा तिची अचूकता पुष्कळच खाली आली. संगणक तोच, गणित तेच. मग बिघडले काय? वर्गात फळ्यावर करता येईल असे एक उदाहरण घेऊ. (आकडे केवळ हिशेबासाठी, काल्पनिक.) समजा एका गावात पोटदुखीच्या २०० रुग्णांपैकी ४० जणांना अपेंडिक्सचा आजार असतो. 'दुखणे बेंबीकडून उजवीकडे सरकले' हे लक्षण अपेंडिक्सच्या १०० पैकी ६० रुग्णांत आणि इतर आजारांच्या १०० पैकी १० रुग्णांत दिसते. म्हणजे लक्षण दिसणारे अपेंडिक्सचे रुग्ण २४ आणि इतर १६. लक्षण दिसले की अपेंडिक्स असण्याची शक्यता ४० पैकी २४, म्हणजे ६० टक्के. आता दुसरे गाव घ्या, जिथे २०० पैकी फक्त १० जणांना अपेंडिक्स असते. लक्षण दिसणारे अपेंडिक्सचे रुग्ण ६, इतर १९. शक्यता २५ पैकी ६, म्हणजे २४ टक्के! लक्षण तेच, शरीर तेच, पण गाव बदलले की उत्तर बदलते.

लीड्सच्या संगणकाला सात शक्यता माहीत होत्या : अपेंडिक्स, पित्ताशयाची सूज, स्वादुपिंडाची सूज, व्रण फुटणे, लहान आतड्याचा अडथळा, मोठ्या आतड्याला येणाऱ्या पिशव्यांचा आजार, आणि कारण न सापडलेली पोटदुखी. आतड्याचा क्षय, विषमज्वर, आमांशामुळे यकृतात होणारा गळू, जंतांचा गोळा होऊन आतडे बंद होणे, हे आपल्याकडचे नेहमीचे पाहुणे त्या यादीत नाहीत. किनवटचा किंवा औसा तालुक्यातला रुग्ण त्या यंत्रासमोर बसवला असता तर त्याने त्याला सातपैकी कोणत्यातरी एका खणात कोंबले असते, आणि तेही संभाव्यतेच्या ऐटदार आकड्यासह.

डी डोंबाल यांच्या कामाचा पुढचा भाग मात्र आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची चर्चा फार होत नाही. त्यांच्या लक्षात आले की प्रयोग चालू असताना डॉक्टरांचे स्वतःचे निदानही सुधारले, आणि संगणक काढून घेतल्यावर ते पुन्हा पूर्वपदावर गेले. पुढे ब्रिटनमधील आठ केंद्रांत १६,७३७ रुग्णांवर मोठा प्रयोग झाला. त्याचा अहवाल १९८६ मध्ये आला. डॉक्टरांचे पहिले निदान बरोबर येण्याचे प्रमाण ४५.६ टक्क्यांवरून ६५.३ टक्क्यांवर गेले. अपेंडिक्स फुटण्याचे प्रमाण २३.७ वरून ११.५ टक्के झाले. यात संगणकाच्या गणिताचा वाटा किती आणि डॉक्टरांना भराव्या लागणाऱ्या तक्त्याचा किती? बराच वाटा तक्त्याचा असावा, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले. तक्ता समोर असला की थकलेला कनिष्ठ डॉक्टरही रात्री तीन वाजता एकही प्रश्न गाळू शकत नाही. संगणकाने सांगितले काय यापेक्षा त्याने विचारायला लावले काय, याने फरक पडला होता.

याच काळात अमेरिकेत अगदी उलट जातीचे यंत्र जन्माला आले होते. एमआयटी या संस्थेतील जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये 'एलायझा' नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली. ती मानसोपचारतज्ज्ञासारखी बोले. "मला उदास वाटते" असे लिहिले की "तुम्हाला उदास वाटते याचे मला वाईट वाटते" अशा थाटाचे उत्तर येई. वाक्यातील शब्द उलटसुलट करून परत देण्यापलीकडे तिला काही येत नव्हते. वैद्यकाचे तर अक्षरही नाही. तरी माणसे तिच्याजवळ मन मोकळे करू लागली. वायझेनबाउम यांच्या स्वतःच्या सचिव, ज्यांनी ही आज्ञावली तयार होताना पाहिली होती, त्यांनीही बोलता बोलता त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले! या अनुभवाने ते इतके अस्वस्थ झाले की पुढे संगणकावर किती विसंबावे याविषयी त्यांनी १९७६ मध्ये एक ग्रंथच लिहिला.

२०२२च्या नोव्हेंबरअखेर लोकांपुढे आलेल्या 'चॅटजीपीटी'त आणि त्यानंतरच्या भावंडांत एलायझाचे गोड बोलणे आहे आणि शिवाय प्रचंड वाचन आहे. लीड्सच्या संगणकाजवळ रुग्णांच्या नोंदी होत्या. या यंत्रांजवळ मजकूर आहे. अब्जावधी वाक्ये वाचून, आतापर्यंतच्या शब्दांनंतर कोणता शब्द येणे संभवते हे ते शिकते आणि तसे शब्द जोडत जाते. त्यानंतर माणसांना आवडतील, उपयोगी वाटतील अशी उत्तरे देण्याचे शिक्षण त्याला दिले जाते. त्यामुळे उत्तर बहुधा बरोबर येते, कारण बहुतेक मजकूर बहुतेक वेळा बरोबर असतो. पण मजकूरच चुकलेला असेल तर? पोटाच्या वैद्यकातच याचे ठळक उदाहरण आहे. १९८०पर्यंतचे जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगे की जठरातील व्रण काळजी, धावपळ आणि आम्ल यांमुळे होतो. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी तिथे एक जिवाणू असल्याचे दाखवले. मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जिवाणूंचे मिश्रण स्वतः पिऊन जठराची सूज ओढवून घेतली. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८० मध्ये आजच्यासारखे यंत्र असते, तर त्याने सर्व ग्रंथांचा हवाला देऊन आत्मविश्वासाने 'काळजी करू नका, दूध प्या' असेच सांगितले असते. (ग्रंथ वाचणाऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितले, हे मान्य केले पाहिजे.)

या यंत्रांची पोटाच्या प्रश्नांवर परीक्षाही घेतली गेली आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतील पचनरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या स्वयंमूल्यमापन चाचणीतील ४५५ प्रश्न चॅटजीपीटीला घातले. जुन्या आवृत्तीला ६५.१ टक्के गुण पडले, नव्या आवृत्तीला ६२.४. उत्तीर्ण होण्यास ७० लागतात. त्याच वर्षी इस्रायलमधील तज्ज्ञांनी रुग्णांचे खरेखुरे ११० प्रश्न घेऊन उत्तरांना पाचपैकी गुण दिले. उपचारांविषयीच्या उत्तरांना अचूकतेसाठी सरासरी ३.९ आणि लक्षणांविषयीच्या उत्तरांना ३.४ गुण मिळाले. यंत्रे त्यानंतर सुधारली आहेत आणि हे आकडे आज तसेच राहिलेले नसतील. तरी लक्षणांची बाजू उपचारांपेक्षा दुबळी निघावी, हे आमच्या विद्यार्थ्याच्या गोष्टीशी जुळते. आजाराचे नाव ठाऊक असले की उत्तर ग्रंथात सापडते. नाव शोधायचे असते तेव्हा रुग्णाकडे जावे लागते.

ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ मध्ये मांडलेल्या प्रयोगाने तर आम्हाला लीड्सचीच आठवण झाली. आजारांच्या दहा गोष्टी तयार केल्या. गोष्ट पूर्ण लिहून थेट यंत्राला दिली, तेव्हा त्याने ९४.९ टक्के वेळा योग्य आजार ओळखला. मग ब्रिटनमधील १,२९८ सामान्य माणसे घेतली. त्यांतल्या काहींना तीच गोष्ट देऊन यंत्राशी बोलायला लावले, तर इतरांना नेहमीच्या मार्गांनी माहिती शोधायला सांगितले. यंत्राची मदत घेणाऱ्या माणसांना योग्य आजार ३४.५ टक्क्यांपेक्षाही कमी वेळा सांगता आला. इतर मार्ग वापरणाऱ्यांपेक्षा ते सरस ठरले नाहीत. ज्ञान यंत्रात होते, लक्षणे माणसाजवळ होती. माणसांनी सगळे सांगितले नाही, यंत्राने सगळे विचारले नाही, आणि मिळालेल्या उत्तरांतले नेमके कोणते घ्यावे हेही माणसांना कळले नाही. लीड्सचा तक्ता नेमकी हीच फट बुजवीत होता.

आता मराठीकडे येऊ. आरोग्याच्या प्रश्नांची उत्तरे इंग्रजी, स्पॅनिश, चिनी आणि हिंदीत तपासणारा एक अभ्यास अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी केला. इंग्रजीच्या तुलनेत इतर भाषांतील उत्तरे कमी बरोबर आणि अधिक विसंगत होती. मराठी त्यात नव्हती. पण आपल्या भाषेतील अडचण केवळ मजकूर कमी असण्याची नाही. 'पित्त' हा एकच शब्द पाहा. छातीत जळजळ व करपट ढेकर म्हणजे पित्त. डोके ठणकून कडू उलटी झाली तरी पित्त. त्यातल्या कित्येकांना खरे तर अर्धशिशी असते. अंगावर गांधी उठल्या की 'पित्त उठले', त्याचा पोटाशी संबंध असेलच असे नाही. पित्ताशयातल्या खड्यांमुळे जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते, तेही 'पित्ताचेच'. आयुर्वेदातील पित्त आणखी निराळे. आणि सर्वांत धोक्याचे म्हणजे हृदयविकाराच्या झटक्याची सुरुवात. छातीत दाटून येणे, घाम, मळमळ यांना पित्त समजून सोडा पिऊन पडून राहिलेली माणसे प्रत्येक गावात सापडतील. 'जुलाब' घेतलाही जातो आणि होतोही. 'मोडशी', 'आव पडणे', 'गोळा उठणे', 'पोट धरणे' यांचे अर्थ तर तालुक्यागणिक बदलतात. देगलूर-बिलोलीकडे बोलण्यात तेलुगू-कन्नड मिसळते, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, किनवटकडे गोंडी, कोलामी आणि बंजारा. जुना डॉक्टर हे शब्द ऐकून पहिल्याने त्यांचा अर्थ विचारतो. यंत्र त्यांतला सर्वांत प्रचलित अर्थ धरून पुढे जाते.

शब्दासारखेच स्थळाचे आणि काळाचे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गीयाँ-बारे या आजाराचे रुग्ण अचानक वाढले. त्यांतल्या अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि काही दिवसांनी हातापायांतील शक्ती गेली. तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आढळला. दूषित पाण्यावर संशय गेला. त्या परिसरातील एका गावाचे नाव नांदेड आहे! गोदावरीकाठचे आमचे नांदेड तिथून शेकडो किलोमीटर दूर. त्या महिन्यात 'मी नांदेडचा, दोन दिवस जुलाब होत आहेत, आज पायाला मुंग्या येतात' असे कोणी लिहिले, तर कोणते नांदेड हे विचारणे निदानाचा भाग ठरला असता. लातूरकरांना एप्रिल २०१६ आठवत असेल. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. टँकरच्या आणि साठवलेल्या पाण्याच्या वर्षी जुलाबाचा अर्थ वेगळा, भरपूर पावसाच्या वर्षी वेगळा. ही गावाची शक्यता (वरच्या उदाहरणातले ४० की १०) काही महिन्यांपूर्वीच्या मजकुरावर शिकलेल्या यंत्राला कोणीतरी सांगावी लागते.

मग ते टाकूनच द्यावे का? आम्हाला तसे वाटत नाही. मूळव्याध, बद्धकोष्ठ, शौचावाटे रक्त या गोष्टी समोरासमोर बोलायला माणसे, विशेषतः स्त्रिया, लाजतात आणि वर्षानुवर्षे सोसतात. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून चालवलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाकडे लोक नेमके असेच, कोणापुढे उच्चारता न येणारे प्रश्न लिहून पाठवीत. ती जागा आज मोबाईल घेत असेल तर त्यात नवल नाही. डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीतील शब्दांचा अर्थ, दुर्बिणीने जठर तपासण्याआधी उपाशी का राहायचे, जलसंजीवनी कशी करायची, हे ही यंत्रे चांगले समजावतात.

पण उत्तर देणारा कसा असावा याचा नमुना आपल्या शेजारीच आहे. मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. गावोगावच्या, बहुतेक निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवले. या बायकांचे वाचन शून्य होते, म्हणजे आजच्या यंत्राच्या अगदी उलट टोक. पण मुलाला जुलाब झाले की त्या मुलाकडे पाहत, लघवी झाली का विचारीत, मीठ-साखरेचे पाणी पाजायला लावीत, आणि आपल्या हाताबाहेरचे कोणते हे त्यांना पक्के शिकवलेले होते. शिवाय कोणत्या विहिरीचे पाणी बिघडले आहे हेही त्यांना ठाऊक असे. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यामागे या सेविकांची कामगिरी होती.

शिक्षकांनी वर्गात करून पाहण्याजोगे एक काम सुचवतो. पोटाच्या तक्रारींसाठी आपल्या गावात वापरले जाणारे सर्व शब्द मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून गोळा करावेत आणि प्रत्येकापुढे 'म्हणजे नेमके काय होते' ते लिहावे. मग तीच तक्रार एकदा केवळ त्या शब्दात, एकदा सविस्तर वर्णनात यंत्राला विचारावी आणि दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवावीत. सोबत हेही फळ्यावर राहू द्यावे : डांबरासारखे काळे शौच, रक्ताची उलटी, कडक झालेले पोट, सरकत जाऊन उजवीकडे स्थिरावलेले दुखणे, घामासह छातीत दाटणे, जुलाब होणाऱ्या बाळाची बंद झालेली लघवी. यांपैकी काही दिसले तर मोबाईल फक्त १०८ लावण्यासाठी हातात घ्यायचा.

आमच्या परिचितांच्या मुलाने रुग्णालयात पडल्या पडल्या एक उद्योग केला. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी पोटाला हात लावण्यापूर्वी जे जे विचारले, ते त्याने आठवून वहीत लिहून काढले. सतरा प्रश्न भरले. त्यातला पहिला असा : "पित्त पित्त म्हणतोस, पण तुला नेमकं होतंय काय, ते सांग बरं."